फळ्यावरची सवत

सोजराबाई खुटवडला सवत होती, आणि ती अख्ख्या जांभुळमाळाला ठाऊक होती. तिच्याशी नवऱ्याचं लग्न लागलं नव्हतं, तिनं कधी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं नव्हतं, तरी नवऱ्याचा अर्धा जीव तिच्यापाशी. नाव तिचं अमेरिका.

कुणाला हसू येत असेल तर त्यानं आत्ताच हसून घ्यावं. सोजराबाई हसत नव्हती.

कापूरहोळला हायवे सोडून भोरच्या रस्त्याला लागलं की जांभुळमाळ येतं. चौकात भैरवनाथाचं देऊळ, देवळापुढं पार आणि पाराला लागून तरुण मंडळाचा वार्ताफलक. सिमेंटच्या भिंतीला काळा रंग दिलेला, वर पावसासाठी पत्रा. हा फळा रोज सकाळी सोजराबाईचा नवरा रोहिदास लिहायचा. त्याचं कापूरहोळला पंक्चरचं दुकान. फळा लिहायचा, खडूचे हात पँटीला पुसायचे आणि मोटारसायकलला किक मारायची. गाव म्हणायचं, रोहिदासआप्पाचं अक्षर म्हणजे छापखाना. खोटं नव्हतं ते. हवा भरणाऱ्या, टायर उपसणाऱ्या त्या काळ्या राठ बोटांतून खडू असा उतरायचा की बघत राहावं.

ही सवत घरात आली रद्दीतून. एकदा रद्दीनं भरलेला टेम्पो दुकानापुढं बसला. चाक होईपर्यंत ड्रायव्हर चहाला गेला आणि रोहिदासनं रद्दीत हात घातला. हाताला लागला अमेरिकेचा नकाशा, भिंतीएवढा, घड्यांवर चिरलेला, राज्याराज्याला वेगळा रंग. ट्यूब बुडवून बुडबुडा बघायची जी पाण्याची टाकी असते ना, तिच्या वर त्यानं तो ठोकला. दिवसभर खाली मान घालून बुडबुडा बघायचा आणि मान वर केली की समोर अमेरिका. बघून बघून राज्यं पाठ झाली. मग पेपरात त्यांतलं एखादं नाव दिसलं की बाजारात पाव्हणा भेटावा तसं त्याला व्हायचं. पुढं मोबाईल आला, आणि मग विचारूच नका.

"अवो आप्पा, आपलं सोडून लोकाच्या घरचं काय घिऊन बसलाय?" पारावर कुणी विचारलंच तर तो म्हणे, "आज तिकडं जे व्हतं ते दहा वर्सांनी हितं येतं. आधी कळल्यालं बरं."

पण सोजराबाईचं खरं दुखणं वेगळंच होतं. गावात कुणाची म्हैस मेली, कुणाचं पोरगं भरती झालं, कुणाच्या आजीचा दहावा आहे, सगळं फळ्यावर यायचं. एका घरचं मात्र काही यायचं नाही, ते म्हणजे रोहिदासचं. त्याच्याआधी फळा चिमाजीकडं होता. चिमाजीनं मेव्हण्याच्या दूध डेअरीची तारीफ रोज फळ्यावर चालवली. शेवटी एका सकाळी गावानं फळ्याला शेण फासलं आणि खडू रोहिदासच्या हातात दिला. त्यानं तिथंच देवाचा भंडारा उचलला: माझ्या घरचं माणूस ह्या फळ्यावर येणार नाही.

माणूस शब्दाचा पक्का. इतका पक्का की बायकोनं डोकं आपटून घ्यावं.

आणि सोजराबाईला हवं काय होतं? सोनं नको, साडी नको. तिला ते अक्षर हवं होतं. सगळ्या गावाच्या नावाला लागलेलं ते छापखान्यासारखं अक्षर एकदा तिच्या नावाला लागावं, येवढंच. अमेरिकेला ते रोज मिळत होतं, न मागता.

२०११ साली वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीत सोजराबाईचे वडील वारले. दहाव्याला नदीवर सगळे जमले, पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. तेवढ्यात रोहिदास घामाघूम होऊन आला, काखेत पेपर. जरा दम खाऊन मेव्हण्याला म्हणाला, "अमृत, न्यूयॉर्कला पोरं बँकवाल्यांच्या दाराशी बागंत तंबू ठोकून बसलीत. म्हणत्यात, आमी शंभरातले नव्व्याण्णव."

अमृत म्हणाला, "दाजी, आधी कावळा शिवू द्या. मग तुमचे नव्व्याण्णव जेवायला घालू."

सगळे तोंड फिरवून हसले. सोजराबाईला तेव्हा पहिल्यांदा लागलं. आपला बाप गेला, आणि हा माणूस कुठल्या बागेत जाऊन बसलाय!

एकदाच ती सवत तिला सवत वाटली नाही. पुढच्या साली, डिसेंबरात. सकाळी फळ्यापुढं बायका थांबलेल्या होत्या. अमेरिकेतल्या एका शाळेत एक जण बंदूक घेऊन शिरला, वीस लहान लेकरं मारली. रोहिदासनं तेवढंच लिहिलं होतं आणि बाकी फळा कोरा सोडला होता. सोजराबाई घरी आली, लेकीची, दिपालीची वेणी घालता घालता तिचे हात थांबले. दिपाली आठवीत. त्या आठवड्यात ती पोरीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. पोरगी लाजली, "आई, मी काय बालवाडीत हाय का?" तेवढे दिवस अमेरिका तिची शेजारीण होती.

पण दिवस सारखे नसतात. दिपालीची दहावी आली. निकाल लागला. शाळेतले पहिले तीन फळ्यावर यायचे ही गावची रीत. सोजराबाई पदर सावरून चौकात गेली. फळ्यावर लिहिलं होतं: प्रथम क्रमांक अमुक, तृतीय क्रमांक तमुक. मधला क्रमांकच नाही! लोक विचारायला लागले, "अवो, दुसरी कोण आली?" पारावर बसलेला मानसिंग मिशीत हसून म्हणाला, "दुसरी आप्पाची दिपाली. म्हणून तिला गाळली." मानसिंग म्हणजे हायवेवरच्या धाब्याचा मालक आणि गावच्या पंचायतीचाही मालकच म्हणा.

घरी येऊन सोजराबाईनं भाकरीचं पीठ असं मळलं की परात वाजायला लागली. दिपाली म्हणाली, "जाऊ दे गं आई. मला ठाव हाय माझा नंबर." पोरगी शहाणी. आईला शहाणपण नको होतं, न्याय हवा होता.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बाईला बाईशी आणि गड्याला गड्याशी लग्न करायचा हक्क आहे. रोहिदासनं अख्खा फळा त्याला दिला, लाल खडूनं चौकट काढून! गाव दिवसभर खिदळलं. दुपारी कुणीतरी फळा पुसला. रोहिदास दुकान बंद करून आला आणि परत तेच लिहिलं, दुप्पट मोठ्या अक्षरात. म्हणाला, "न्यायालयाचा निकाल हाय. आवडो न् आवडो, बातमी हाय." ताठ मानेनं उभा होता. कुणाची हिंमत झाली नाही जवळ यायची.

सोजराबाई लांबून बघत होती. तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच दमात रागही आला. लोकांच्या लग्नासाठी हा गावाशी भांडला. पोरीच्या दुसऱ्या नंबरासाठी ह्याला खडू उचलवला नाही.

२०१६चा उन्हाळा. जांभुळमाळाच्या वरच्या आळीत उभं राहिलं तर भाटघर धरणाचं पाणी चमकताना दिसतं. दिसतं, पण नळाला येत नाही. मानसिंगच्या खालच्या आळीला रोज पाणी, वरच्या आळीला चौथ्या दिवशी, तेही करंगळीएवढी धार. सोजराबाईनं बायका गोळा केल्या आणि रिकामे हंडे वाजवत मोर्चा पंचायतीवर नेला. ग्रामसेवक मागच्या दारानं पळाला, मानसिंगला धाब्यावरून उठून यावं लागलं. आठ दिवस पाणी रोज आलं. गावात असं कधी झालं नव्हतं. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकात गेली. आज तरी? आज तर घरचं माणूस नव्हतं ना, आज मोर्चा होता!

फळ्यावर होतं: "पाण्यासाठी काही महिलांचा पंचायतीवर मोर्चा."

काही महिला.

ती घरी आली. संध्याकाळी रोहिदास जेवायला बसला तर ताट वाढलेलं नाही. त्यानं हाक मारली, "अगं सोजरा, जेवण?"

"सोजरा कोण? हितं काही महिला ऱ्हात्यात. त्या येतील वाढायला."

तेव्हापासून घरात तो शब्द ठरूनच गेला. "काही महिलांनी चहा ठिवलाय." "काही महिला माह्येरी निघाल्यात." रोहिदास ऐकून घ्यायचा. शब्द दिलेला माणूस, करतो काय?

त्याच साली नोव्हेंबरात एका रात्रीत मोठ्या नोटा बंद झाल्या. सकाळी सगळा गाव फळ्याकडं धावला, नक्की काय बंद, काय चालू. फळ्यावर काय, तर अमेरिकेची मतमोजणी! कोण पुढं, कोण मागं, कुठल्या राज्यात किती. नोटांची बातमी खाली कोपऱ्यात, मुंग्यांएवढ्या अक्षरात. फुलाबाई म्हातारी कमरेला नोटांची पुरचुंडी बांधून आलेली, तिनं चौकात उभं राहून रोहिदासच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घराघरातनं शिव्या आल्या. त्या दिवशी सोजराबाईनं त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. म्हणाली, "खावा. आज समद्या गावाला कळलं म्या काय भोगती ते."

आणि जानेवारीत अमेरिकेतल्या बाया रस्त्यावर आल्या. लाखांनी. डोक्याला गुलाबी टोप्या घालून. रोहिदासनं दुकानातनं गुलाबी खडू शोधून आणला. मोबाईलवरचा फोटो त्यानं हौसेनं बायकोला दाखवला, "बघ गं, केवढ्या बाया!"

तिनं फोटो नीट बघितला. त्यात एक जाडशी, पिकल्या केसांची बाई ओरडत होती, तोंड उघडं, मूठ वर. मोर्चाच्या दिवशी आपण अशाच दिसलो असू, असं सोजराबाईच्या मनात आलं. क्षणभर तिला ती बाई आवडली. मग ती म्हणाली, "ह्यांच्या डोक्यावर टोप्या. आमच्या डोक्यावर हंडं व्हतं. ह्यांना अख्खा फळा, गुलाबी. आन् आमी काही महिला."

"तसं न्हाई गं…"

"मग कसं? ती गोरी म्हणून?"

रोहिदासनं मोबाईल खिशात टाकला.

पुढची तीन-चार वर्षं अशीच गेली. अमेरिकेतली शाळेची पोरं बंदुकांविरुद्ध रस्त्यावर आली, फळ्यावर आली. कुठं काही जळलं, कुठं काही बुडालं, फळ्यावर आलं. मग करोना आला. हायवे ओस, दुकानाचं शटर खाली, चौकात चिटपाखरू नाही. तरी रोहिदास तोंडाला फडकं बांधून फळा लिहायला जायचाच. मे महिना संपता संपता एका सकाळी सोजराबाई दळण घेऊन चौकातून येत होती. फळ्यावर एकच ओळ: "जॉर्ज फ्लॉईड, वय ४६. पोलिसाचा गुडघा मानेवर. श्वास घेता येईना म्हणत गेला."

ती दळण खाली ठेवून बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "त्या माणसाचं वय सुदीक तुमाला ठाव. माझं किती?"

रोहिदास गडबडला. बोटं मोजायला लागला.

"मोजू नका," ती म्हणाली. आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. रस्त्यावर गुदमरून मेलेल्या माणसाचा आपण हेवा करतोय! कुठवर आलो आपण? त्या दिवशी ती त्याच्याशी नीट वागली. पण हेवा काही गेला नाही. चुलीतल्या राखेखाली निखारा राहतो, तसा राहिला.

पंचायतीची निवडणूक लागली. करोनानं लांबलेली, आली एकदाची जानेवारीत. तीन नंबरचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. वरच्या आळीनं सोजराबाईला उभं केलं. समोर मानसिंगची भावजय वर्षाराणी. तिची निशाणी कपबशी, सोजराबाईची शिट्टी. सोजराबाईनं खरीच शिट्टी गळ्यात अडकवली आणि दारोदार फुंकत फिरली. पोरं मागं लागायची, कुत्री भुंकायची, म्हातारे म्हणायचे, "आली बघा ट्रॅफिक हवालदार!"

रोहिदास तिच्यासाठी राबला. दुकान बंद ठेवून आळी पालथी घातली. फक्त एक गोष्ट त्यानं आधीच सांगितली होती. "मत माग, माझा जीव माग. फळा मागू नगंस."

"मत तर हक्काचं हाय. जिवाचं काय लोणचं घालू? मला फळाच पायजे व्हता."

त्यानं प्रचाराची पत्रकं काखेला मारली आणि तो बाहेर पडला.

आणि प्रचार ऐन रंगात आलेला असताना एका सकाळी चौकात ही गर्दी झाली. फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात: "अमेरिकेच्या संसदेत जमाव घुसला. हरलेल्यांना निकाल अमान्य. काचा फोडल्या. माणसं मेली." रोहिदास फळ्याजवळ उभा, चेहरा उतरलेला. घरातली लेक पळून गेल्यावर बाप उभा राहतो तसा.

सोजराबाई प्रचाराच्या बायका घेऊन तिथं पोचली. तिनं वाचलं. आणि काय सांगावं, तिच्या अंगात दहा वर्षांचं जे साठलं होतं त्याला वाट मिळाली. तिनं शिट्टी फुंकली.

"काय वो कारभारी! तुमची ती हरली म्हंजी काचा फोडती व्हय? लई गुण गात व्हता तिचं! आज तिकडं जे व्हतं ते दहा वर्सांनी हितं येतं म्हणं! आमच्यात हरल्याला माणूस जितल्याल्याच्या हातनं पेढा खातो आन् घरी जाऊन गप झोपतो. ऐका रं समदी! ही सोजरा हरली तर कुणाच्या दाराला हात लावायची न्हाई. भैरवनाथाची आन!"

टाळ्या पडल्या. पारावरून मानसिंग म्हणाला, "वहिनी, आमी ध्यानात ठिवतो बरं का."

"ठिवा की. वहीत लिवून ठिवा."

रोहिदासनं मान खाली घातली. सोजराबाईला वाटलं, आज सवतीला चौकात झिंज्या धरून लोळवली. घरापर्यंत ती हवेत चालत गेली.

मतमोजणी भोरला. आत फक्त उमेदवार आणि एक प्रतिनिधी. सोजराबाईचा प्रतिनिधी रोहिदास. बाहेर फाटकाशी वरच्या आळीची पोरं, बायका, दिपाली. पोरांचा म्होरक्या बंडू, सोजराबाईच्या चुलत दिराचा मुलगा, फटाक्याची माळ गळ्यात घालूनच आलेला.

तीन नंबरची पेटी मोजली. दोघींना सारखी मतं. परत मोजली. सारखीच. साहेब म्हणाले, "चिठ्ठी टाकू. नियम आहे." दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या. काढायची कुणी? दोन्हीकडचं नाही असा माणूस हवा. तेवढ्यात पाण्याचा जार घेऊन एक जण आत आला. जांभुळमाळ कुठं आहे हेही त्याला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "हाच बरा." त्यानं खांद्यावरचा जार उतरवला, ओला हात सदऱ्याला पुसला आणि डब्यात घातला.

निघालं वर्षाराणी.

सोजराबाईला काही ऐकूच आलं नाही. नळाला हवा येते ना, सूं सूं, तसा आवाज कानात. रोहिदासनं कागदावर सही केली. ती त्याच्या मागोमाग बाहेर आली.

बाहेर बातमी आधीच पोचली होती, आणि पोचता पोचता तिला शिंगं फुटली होती. बंडू फाटकाला धरून ओरडत होता, "काकू, चिठ्ठी थंड केल्याली व्हती! बर्फाच्या पाण्यात घालून! जारवाल्याला हाताला कळली! तो मानसिंगच्याच धाब्याला पाणी टाकतो!"

"कुणी बघितलं?" दिपाली विचारत होती. पण तिचं ऐकतो कोण? पोरांनी फाटक हलवायला सुरुवात केली. पोलीस दोन, पोरं पन्नास. बिजागरी करकरली. मागून बायका ओरडल्या, "घुसा आत! डबा बाहेर काढा!"

खरं सांगायचं तर सोजराबाईलाही तेच वाटत होतं. तिच्याही डोळ्यांपुढं जारवाल्याचा ओला हात येत होता. एक मत, एकच जास्तीचं मत कुठंतरी असणार! वरच्या आळीची चौथ्या दिवसाची धार तिला दिसत होती. तिनं नुसती मान हलवली असती तर फाटक आडवं झालं असतं.

पलीकडं मानसिंग गाडीला टेकून उभा होता. ओरडला नाही, हसला नाही. नुसतं बघत होता. ध्यानात ठेवलं होतं त्यानं.

आणि तिच्या शेजारी रोहिदास. त्याचं तोंड पांढरं पडलेलं. त्या सकाळी फळ्यापाशी पडलं होतं तस्संच. तो हळूच म्हणाला, "सोजरा."

तिला एकदम उद्याचा फळा दिसला. फाटक तुटलं तर उद्या तिथं काय येणार? "भोरला मतमोजणीत काही महिलांचा गोंधळ." आणि पारावर लोक म्हणणार, आप्पा बरोबर बोलत होता, तिकडचं हिकडं आलं, दहा वर्षं पण लागली न्हाईत, धा-बारा दिवसांत आलं! म्हणजे हरायचं ते हरायचं, वर सवतीची नक्कल करायची! तिच्या मागनं, तिच्या पावलावर पाऊल टाकून!

ते काही तिला सोसलं नसतं.

तिनं शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम फुंकला. पोरं दचकून मागं वळली.

"मागं व्हा! बंड्या, फाटक सोड! सोड म्हणते ना, मुडद्या!"

"काकू, पर चिठ्ठी…"

"चिठ्ठी गार व्हती का गरम व्हती, म्या तिथं हुभी व्हते, तू न्हाई! हरले म्हणून दारं मोडायला म्या काय ती हाय व्हय?"

बंडू गोंधळला. "ती कोण?"

"ती! ह्यांची!" तिनं रोहिदासकडं बोट केलं.

मग वरच्या आळीच्या बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. फाटकाशी धुमसणारी पोरं एकमेकांकडं बघायला लागली, आणि बघता बघता पोलिसांसकट सगळे हसायला लागले. हसणाऱ्या माणसाला फाटक मोडता येत नाही. बंडूनं गळ्यातली माळ काढून खिशात कोंबली.

सोजराबाई वर्षाराणीकडं गेली. वर्षाराणी घाबरून जावेच्या मागं सरकली. सोजराबाईनं तिच्या हातातला पेढा स्वतःच घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय. आता पानी सोड वरच्या आळीला. न्हाईतर पुढचा हंडा तुझ्या दारात वाजंल."

संध्याकाळी दिपालीनं भाकरी केल्या. जेवणं झाल्यावर सोजराबाईनं विचारलं, "उद्या काय लिवणार?"

"निकाल."

"कुणाचा?"

"जितल्याल्यांचा लिवत्यात," रोहिदास ताटाकडं बघत म्हणाला.

भांडी गोळा करताना ती म्हणाली, "दहा वर्सांनी हितं येतं म्हणत व्हता ना? आज दाराशी आलं व्हतं. म्या घातलं माघारी. येवढं ध्यानात असू द्या, फळ्यावर नसंना का."

सकाळी ती चौकात जाणार नव्हती. पण दूध संपलं होतं, आणि दूध आणायला चौकातूनच जावं लागतं. देवळाजवळ आली तर फळ्यापुढं माणसं उभी. रोहिदास देवळातून बाहेर येत होता, कपाळाला भंडारा. देवाला काय सांगून आला ते त्याचं त्याला ठाऊक. दिलेला शब्द परत घ्यायचा तर ज्याला दिला त्यालाच सांगावं लागतं.

फळ्यावर विजयी उमेदवारांची नावं होती. त्याखाली, त्याच अक्षरात:

"वॉर्ड ३: समान मते. चिठ्ठीने वर्षाराणी विजयी. सौ. सोजराबाई रोहिदास खुटवड यांनी निकाल मान्य करून संतापलेला जमाव फाटकातून माघारी वळवला. जे अमेरिकेला जमले नाही ते जांभुळमाळाने करून दाखवले."

तिनं एकदा वाचलं. मग परत आपल्या नावापासून वाचलं. 'सोजराबाई'तला स त्यानं असा काढला होता, जसा दुसऱ्या कुणाचा कधी काढला नव्हता. निदान तिला तरी तसं वाटलं. डोळे भरून आले, तिनं येऊ दिले. माणसं बाजूला सरली.

मग ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

ती पुढं झाली. दुधाची किटली खाली ठेवली, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि ती अमेरिकेची ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुसून टाकली.

"अगं, अगं!" रोहिदास कळवळला. "त्या वळीमुळं तर तुझं मोठेपण कळतं!"

"माझं मोठेपण कळायला ती कशाला लागती?" सोजराबाई म्हणाली. "दहा वर्सं फळा तिचा व्हता. आजच्या दिवस माझ्या बातमीत तिचं नाव नगं."

"मग तिथं लिवू काय? जागा रिकामी दिसतीया."

तिनं किटली उचलली. वरच्या आळीकडं बघितलं. तिथून पलीकडं भाटघरचं पाणी चमकत होतं, रोजच्यासारखंच लांब.

"लिवा. सोमवारी पंचायतीवर हंडा मोर्चा. वरच्या आळीच्या महिला." आणि दोन पावलं जाऊन ती मागं वळली. "नावानिशी लिवा. समद्यांच्या."